ओतलेलं पाणी

मागच्या उन्हाळ्यात मला यवतमाळला दुष्काळाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शाळेतल्या मास्तरणीला कशालाही पाठवता येतं. जनगणना झाली, मतदान झालं, जंतांच्या गोळ्या झाल्या, आता दुष्काळ. सभागृह थंडगार होतं आणि समोर एक तरुण तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होता. दुष्काळ तीन तऱ्हेचा असतो, तो सांगत होता. पहिला पावसाचा, म्हणजे आभाळानंच कमी दिलं. दुसरा शेतीचा, म्हणजे मातीतली ओल गेली आणि पीक वाळलं. तिसरा जलशास्त्रीय, म्हणजे नाले, तलाव, विहिरी आणि जमिनीच्या पोटातलं पाणी आटलं. हा तिसरा फार लबाड असतो म्हणे. पाऊस सरासरीएवढा पडला तरी तो येतो, उशिरा येतो आणि उशिरा जातो.

मी मान डोलवली. आमच्या वस्तीतल्या कोणत्याही बाईनं हे त्याला चुलीपाशी बसून सांगितलं असतं, पण चुलीपाशी पडदा नसतो. इथवर मला राग नव्हता. नंतर तो म्हणाला की आपल्याकडे मोजमाप चांगलं आहे, अडचण आहे ती संवादाची. गावातले लोक खरी माहिती देत नाहीत, लपवतात. हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. बाकीचे चहाला उठले तरी मी खुर्चीवर बसूनच होते. ह्याला उत्तर द्यायचं तर दहा मिनिटांत होणारं नव्हतं, आणि चहानंतर त्याचं गटकार्य होतं.

तर ते उत्तर इथे देते.

आमचं गाव बाभुळगावपासून आत. गाव म्हणजे वरचं गाव वेगळं आणि आमची बौद्धांची वस्ती वेगळी, मध्ये एक नाला. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला आणि त्यानंतर पहिलं काम हातात घेतलं ते विहिरीचं. त्याआधी वरच्या विहिरीपासून लांब उभं राहायचं, रिकामी गाडगी समोर मांडायची आणि कोणाला दया येईल तेव्हा कोणी वरून ओतायचं. मजुरीहून आल्यावर संध्याकाळी माणसं खोदायची आणि बाया टोपल्यानं मुरूम वाहायच्या. खाली काळा दगड लागला तरी थांबले नाहीत. पाणी लागलं त्या दिवसापासून वस्तीत एक रीत पडली. घरच्यांनी कुठलंही पाणी प्यावं, पण पाव्हण्याला द्यायचं ते आपल्याच विहिरीचं. आपली विहीर आटली असली तर दुसरीकडून पाणी आणायचं, पण ते आधी आपल्या विहिरीत ओतायचं, मग दोर टाकून काढायचं आणि मग पाव्हण्याच्या हातात द्यायचं. तुम्हाला हसू येत असेल. ज्यांना पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नाही त्यांना येतंच.

ह्याच विहिरीवर पुढे सरकारची नजर गेली. पाण्याची पातळी मोजणाऱ्या खात्याला प्रत्येक भागात एखादी विहीर लागते, तिच्यात ठरल्या महिन्यांत फीत सोडून पाहतात आणि त्यावरून आजूबाजूच्या गावांच्या पोटात पाणी किती ते ठरवतात. आमचीच का निवडली? तिच्यात काही विशेष होतं म्हणून नाही. वरच्या गावात जीप वळत नव्हती आणि आमची विहीर रस्त्याला लागून होती. तिच्या कठड्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक आकडा रंगवून गेले. बाबांना त्या आकड्याचा इतका अभिमान की जयंतीला विहिरीला चुना मारायचे तेव्हा तेवढा आकडा सोडून मारायचे. वरच्या गावातल्या एकाही विहिरीवर सरकारी नंबर नव्हता ना.

मी सांगते ते वर्ष कापसाच्या वाईट दिवसांतलं. तेव्हा आमच्या जिल्ह्यात पत्रकारांचं पीक फार चांगलं येत होतं. नागपूरहून, मुंबईहून, कधी कधी परदेशातून गाड्या यायच्या आणि थेट विचारायच्या, इथे कोणी जीव दिला का? आमच्या वस्तीत त्या साली कोणी जीव दिला नव्हता, त्यामुळे आमच्याकडे गाडी थांबायची नाही. एक बाई मात्र थांबली होती. तिनं विहिरीपाशी रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन बसलेल्या बाया पाहिल्या, मायला विचारलं, "तुमच्या घरातलं कोणी गेलं का?" माय म्हणाली, "नाही बाई, सारे हायेत." ती बाई चुकल्यासारखं हसली आणि गाडीत जाऊन बसली. जिवंत माणसाच्या तहानेला बातमीत जागा नव्हती.

त्या साली पाऊस कमी पडला असं कोणी म्हणू शकत नव्हतं. पडला ना, चांगला पडला, पण जुलैत एका आठवड्यात सगळा पडला. नाला दोन्ही काठ सोडून धावला, कपाशीची कोवळी झाडं आडवी झाली, पाणी जे गेलं ते गेलं. त्यानंतर आभाळ कोरडं. पावसाच्या हिशेबात वर्ष पास झालं होतं. आमच्या विहिरीनं संक्रांतीनंतर दोर लांब मागायला सुरुवात केली आणि होळीपर्यंत तळाचा दगड दिसू लागला. सकाळी खड्ड्यात जेवढं साचायचं ते बाया वाटीनं भरायच्या. बाकीचं पाणी नाल्यापलीकडे वरच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरातून आणायचं. त्याच्या विहिरीवर मोटर होती. वीज असली की तो पाणी घेऊ द्यायचा. वीज असायची तिच्या मर्जीनं.

आता मायचं सांगते, कारण सगळा जीव तिच्यावरच टांगलेला होता. मायचं अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरत होतं. आमच्याकडच्या बाया हे बोलत नाहीत, मी बोलते. जन्मभर डोक्यावर पाणी, पाठीवर कापसाचं गाठोडं, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी पुन्हा डोक्यावर पाणी, मग काय होणार? ती फडकं घट्ट बांधून वेचणीला जायची आणि घरी येऊन कोपऱ्यात उकिडवी बसून राहायची. त्या हिवाळ्यात ताईनं आणि मी तिला बळेच यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पावसाळा लागेपर्यंत हिनं वजन उचलायचं नाही, एक भरलेला गुंडसुद्धा नाही. टाके सुटले तर पुन्हा शिवायला काही उरत नाही.

घरी ताई होती, मी होते. बाबा होते, पण पाणी आणणं हे बाप्यांच्या कामात कधी मोजलं गेलं नाही. बैलबंडीवर टिपाड, म्हणजे लोखंडी पिंप, ठेवून आणलं तर ते काम. डोक्यावर आणलं तर बायकी. ताई आणि मी मिळून कसंतरी भागवत होतो. पण ताईचं लग्न मे महिन्यात ठरलेलं होतं. ती गेल्यावर मी एकटी, आणि माझ्या एकटीच्या खेपांत घराचं आणि जनावरांचं भागणार नव्हतं. म्हणून आम्हाला टँकर हवा होता. वस्तीत टँकर सुरू झाला तर माय शाबूत राहील, नाही झाला तर ती उचलेल. तिचा स्वभाव मला माहीत होता. रिकामा माठ पाहून ती बसून राहणारी नव्हती.

ताईचं लग्न ठरलं तेही पाण्यावरच. मुलगा दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता. त्याची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, पाहायला आल्या तेव्हा त्यांनी ताईला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, गावात पाणी हाय ना?"

"हाय ना," बाबा म्हणाले. "आमची सोताची इहीर हाय. सरकारी नंबर पडेल हाय तिच्यावर."

"नाही म्हटलं, विचारून घेतलेलं बरं. आमच्या थोरल्या सुनेचं माहेर कोरडं हाय. दर उन्हाळ्यात तिचे मायबाप, भाऊ, भावाचे लेकरं, सारे आमच्या घरी आंघोळीले येऊन राह्यतात. एक झालं तेवढं पुरे."

सगळे हसले. बाबाही हसले. आतल्या खोलीत मायनं माझ्याकडे पाहिलं. होळी व्हायची होती, विहिरीत अजून थोडं पाणी होतं, तेव्हा बाबा खोटं बोलत होते असंही म्हणता येत नव्हतं. पुढे ते खोटं झालं, आणि पुढे ते सांभाळावं लागलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी वस्तीनं विहीर भरायला घेतली. ज्यांच्याकडे बंड्या होत्या त्यांनी बंड्या जुंपल्या, ज्यांच्याकडे नव्हत्या ते टिपाडं भरायला लागले. त्या शेतकऱ्यानं लग्नाचं म्हणून वीज येईल तेवढा वेळ मोटर चालू ठेवू दिली. पहाटेपासून खेपा चालल्या होत्या. भरलेलं टिपाड कठड्याशी तिरपं करायचं आणि पाणी धाडकन खाली जायचं. लवकर ओतलं तर मुरून जाईल म्हणून आदल्याच दिवशी ओतायचं, हे सगळ्यांना ठाऊक. दुपारपर्यंत आतल्या खालच्या पायऱ्या बुडाल्या. त्या दिवशी कोणी दोर टाकायचा नाही असं ठरलं होतं, त्यामुळे वस्तीतल्या बाया नुसत्या येऊन वाकून पाहून जात होत्या. घरोघर माठ कोरडे आणि विहीर भरलेली. माझ्या ताईच्या लग्नासाठी आख्ख्या वस्तीनं हे केलं. मला आजही त्यांच्याबद्दल काही वाईट बोलवत नाही.

तेवढ्यात मोटरसायकलवर फीतवाला आला. वर्षातून ठरल्या वेळी तो यायचा, फीत सोडायचा, जायचा. माणूस वाईट नव्हता. कामचुकारही नव्हता, आणि तेच आमच्या मुळावर आलं. कामचुकार असता तर त्या उन्हात आलाच नसता, घरी बसून मागच्या उन्हाळ्याचाच आकडा लिहिला असता आणि आमचं भलं झालं असतं.

विहिरीजवळ विहाराच्या सावलीत खाटा टाकलेल्या होत्या. विहीणबाई आणि नवऱ्या मुलाचे मामा व्यवस्था पाहायला म्हणून आदल्या दिवशीच आले होते आणि खाटेवर बसले होते. फीतवाल्यानं फीत सोडली, वर ओढली, ओली खूण पाहिली आणि मोठ्यानं म्हणाला, "वा, मे महिन्यात एवढं पाणी? नशीबवान वस्ती आहे तुमची."

विहीणबाईंनी मामांकडे पाहिलं. बाबांची छाती फुगली. "आमच्या इहिरीले कायमचं पाणी असते साहेब," ते म्हणाले. सकाळपासून टिपाडं उचलून त्यांचा सदरा ओला होता, तो तसाच अंगावर होता.

मी बारावीची परीक्षा दिलेली, अंगात भलता विश्वास. फीतवाला मोटरसायकलकडे निघाला तशी मी त्याच्या मागे गेले आणि हळू आवाजात सांगितलं, "साहेब, हे पाणी आम्ही ओतलेलं आहे. सकाळी तळ दिसत होता. उद्या लग्न आहे म्हणून."

तो थांबला. त्यानं माझं नीट ऐकलं. म्हणाला, "हे बघ, पाणी कुठून आलं ते लिहायला माझ्याकडे जागा नाही. कठड्यापासून किती खाली आहे, एवढंच लिहायचं."

"मग आज लिहू नका. दोन दिवसांनी या."

"दोन दिवसांनी मी दुसऱ्या तालुक्यात. ह्या विहिरीची तारीख आज आहे."

आणि तो गेला. आमच्या तहानेला तारीख ठरवून दिलेली होती आणि त्या तारखेला आम्हाला तहान नव्हती. लग्न झकास झालं. वऱ्हाडानं आंघोळी केल्या, बुंदी खाल्ली, हात धुतले, बैल धुतले, जावयाच्या मित्रांनी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. मी पाहत होते. ताई गेली तेव्हा विहिरीत गढूळ चिखल उरला होता.

पुढच्या आठवड्यात बाबा, वस्तीतले दोन-तीन बाप्ये आणि मी बाभुळगावला तहसिलीत गेलो. मला नेलं कारण मला वाचता येत होतं आणि साहेबाची भाषा समजत होती. साहेब बराच वेळ कागद उलटेपालटे करत होता. मग म्हणाला, "पाऊस सरासरीएवढा आहे. पिकाची पैसेवारी ठीक आहे. आणि तुमच्या विहिरीची पातळी तर मागच्या उन्हाळ्यापेक्षा चांगली आहे. टँकर कोणत्या आधारावर देऊ?"

"साहेब, प्यायले पाणी नाही," एक जण म्हणाला.

"अहो, पण दुष्काळ नाही तुमच्याकडे. टंचाई नाही. टंचाईसदृश परिस्थितीसुद्धा नाही."

टंचाईसदृश. हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. दुष्काळ म्हटलं की सरकारला काहीतरी द्यावं लागतं, म्हणून टंचाई म्हणायचं. टंचाई म्हटलं तरी टँकर द्यावा लागतो, म्हणून टंचाईसदृश. म्हणजे तुमचा घसा कोरडा पडला नाही, कोरड्यासदृश झाला आहे. हे शब्द घडवणाऱ्या माणसांना पगार मिळतो आणि वर निवृत्तिवेतनही मिळतं.

मी बाबांच्या बाहीला ओढून म्हटलं, "सांगा ना, पाणी ओतलं होतं म्हणून."

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या लग्नाले दुसऱ्याचं पाणी आणलं, हे मी इथं चारचौघांत सांगू? दिग्रसले जायले कितीक वेळ लागते ह्या गोष्टीले?"

मग मीच सांगितलं. साहेबानं चष्मा काढला. त्याला खरंच धक्का बसला होता. "म्हणजे निरीक्षण विहिरीत तुम्ही बाहेरचं पाणी टाकलं? ही शासनाची दिशाभूल आहे, कळतं का तुम्हाला?"

मला हसावं की रडावं कळेना. लोक सरकारला फसवून टँकर मिळवतात. आम्ही सरकारला फसवून टँकर घालवला होता. बाबांनी हात जोडले आणि माफी मागितली. त्या माफीचा मला इतका संताप आला की परतीच्या एसटीत मी त्यांच्याशेजारी बसले नाही. साहेबानं उपकार केल्यासारखं सांगितलं की फेरतपासणी करायला लावतो.

ती फेरतपासणी होईपर्यंत मी एकटी पाणी वाहत होते. माय सोबत यायची, ती फक्त नंबर धरायला, असं आमचं ठरलं होतं. ती गुंडांच्या रांगेत बसायची, मी खेपा करायची. माझी मान आखडून जायची. घरी गेल्यावर माय तेल लावून द्यायची आणि तोंडानं सारखं म्हणायची, "मी आणत होतो ना वं एखादा." मी तिच्यावर खेकसायची.

फीतवाला पुन्हा आला तेव्हा सकाळ होती. आम्ही दोघी वावराकडे निघायच्या बेतात होतो. त्यानं फीत सोडली. खाली ती चिखलाला टेकली आणि सैल पडली. त्यानं वर ओढून पाहिली, ओली खूण नव्हती, नुसता गाळ लागला होता. "कोरडी," तो म्हणाला. मला आनंद झाला. आजोबांनी हातानं खोदलेली विहीर कोरडी पडली म्हणून मला उड्या माराव्याशा वाटल्या.

"मग लिहा ना तसं," मी म्हटलं.

"कोरड्या विहिरीची पातळी लिहिता येत नाही," तो म्हणाला. शांतपणे, मला शिकवत असल्यासारखा. "पातळी म्हणजे कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर. पाणीच नाही, तर अंतर कशाचं लिहू? ही विहीर आता निरीक्षणाला निकामी झाली. पाणी असलेली दुसरी विहीर घ्यावी लागेल. जवळ कुठे आहे?"

म्हणजे पाणी आहे की नाही ते मोजायला पाणी असलेलीच विहीर लागते. जिच्यातलं पाणी गेलं तिचं नावच काढून टाकायचं. ह्या हिशेबानं ह्या देशात कोणतीच विहीर कधी आटणार नाही. मी हे बोलायच्या आत बाबांनी हात लांब करून नाल्यापलीकडचं वावर दाखवलं. साहेबानं विचारलं, ह्यांनी सांगितलं. माझ्या बापाच्या ह्या सौजन्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आम्ही चालत तिथे पोचलो तोवर फीतवाला मोटरसायकलवर पुढे येऊन उभा होता. वीज होती. मोटर सुरू होती, बाया पाइपाखाली गुंड लावून भराभर भरत होत्या. त्यानं शेतकऱ्याच्या गड्याला मोटर बंद करायला सांगितली.

"काहून हो साहेब?" एक बाई म्हणाली. "लाइन जाईन ना आता."

"पाणी जरा स्थिर होऊ द्या. उपसा चालू असताना खरं मोजमाप येत नाही."

खरं मोजमाप. बाया उभ्या राहिल्या. कठड्याच्या सावलीला टेकून माय बसली. पाणी झिरपून हळूहळू वर चढत होतं आणि तो घड्याळ पाहत होता. चांगलं चढलं तेव्हा त्यानं फीत सोडली, लिहिलं, पुन्हा एकदा सोडली, खात्री केली. मग डब्यातून ब्रश काढून कठड्यावर आकडा रंगवला. तो रंगवत होता तेव्हा वीज गेली.

मोटर मुकी झाली आणि बायांची एकच धांदल उडाली. रहाट नव्हता. एका बाईकडे दोर होता, तो जो तो ओढायला लागला. माझे दोन गुंड कसेबसे भरले, एक डोक्यावर, एक कमरेवर. तिसरा रिकामा पडून होता.

"राहू दे माय, मी परत येते," मी म्हटलं.

"तू येशीन तोवर दोरवाली थांबन काय? जनावरं सकाळपासून उपाशी हायेत पाण्याचे," ती म्हणाली. आणि तिनं दोर हातात घेतला. माझ्या डोक्यावर गुंड, कमरेवर गुंड, माझे हात अडकलेले. मी ओरडले तर ती म्हणाली, "एकच तं हाय वं." तिनं बकेट ओढली, पुन्हा ओढली, गुंड भरला, चुंबळ ठेवली आणि कोणाला हात लावायला न सांगता तो डोक्यावर चढवला. फीतवाला ब्रश फडक्याला पुसत होता. तिला वाट द्यायला तो अदबीनं बाजूला सरकला.

नाला ओलांडेपर्यंत ती सरळ चालली. अंगणात गुंड उतरवला आणि भिंत धरून खाली बसली. लुगडं मागून भिजलं होतं. मला वाटलं पाणी सांडलं. ते पाणी नव्हतं.

यवतमाळला नेलं तेव्हा तेच डॉक्टर होते. त्यांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, टाके सुटले, आता पुन्हा शिवता येणार नाही, जन्मभर असंच सांभाळायचं. एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. दुसऱ्या दिवशी दिग्रसहून ताई आली. सोबत विहीणबाई होत्या, पिशवीत केळी घेऊन. त्या खाटेशी बसल्या असतानाच डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन फेरीला आले.

"काय उचललंत?" त्यांनी मायला विचारलं. "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

माय छताकडे पाहत होती.

"गावात पाण्याचा त्रास आहे का? टँकर येत नाही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मायनं चादरीखालून माझं मनगट धरलं. अंगात रक्त नव्हतं, पण पकड अशी की मला हलता येईना. ताई सासूच्या मागे उभी होती. डोक्यावर पदर, डोळे खाली, लग्नाचा चुडा अजून नवा.

"नाही साहेब," माय म्हणाली. "आमच्या गावात पाणी भरपूर हाय."

"हो ना," विहीणबाई म्हणाल्या. "आम्ही लग्नात पाह्यली ना इहीर. भरेल होती."

डॉक्टर पोरांकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "पाहा. दाराशी पाणी आहे, दुष्काळ नाही, काही नाही, तरी ह्या बायका सांगितलेलं ऐकत नाहीत."

"हो साहेब," माय म्हणाली. "चुकलं माझं."